सांगलीत बसून जगावेगळे गेम कंट्रोलर जमवायचे तर

जुन्या व्हिडिओ गेमचा नाद लागलेला माणूस फिरून फिरून पॉवर ग्लव्हपाशी येऊन थांबतो. मॅटेलने १९८९ साली अमेरिकेत निंटेंडोच्या गेम संचासाठी काढलेला तो करडा हातमोजा, मनगटावर बटणांची पाटी असलेला, हात हलवून गेम खेळायचा. फोटो बघितला की तोच पाहिजे असं वाटतं. मग परदेशातून मागवायचा, पोस्टेज भरायचं, वर कस्टम ड्युटी भरायची, आणि खोका उघडल्यावर कळायचं की टीव्हीच्या चौकटीला लावायची सेन्सरची पट्टी विकणाऱ्याने दिलेलीच नाही. पट्टीशिवाय तो मोजा म्हणजे थंडीतही न चालणारा हातमोजा.

सुरुवात तिथून करू नका. ज्या वस्तूंसाठी बाहेरचे संग्राहक हात चोळत बसतात, त्यातल्या काही आपल्या जिल्ह्यात माळ्यावर आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत धूळ खात पडल्या आहेत. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या ‘कॅसेटवाल्या’ गेमचे हातात धरायचे बटणांचे पॅड, त्यांच्या बंदुका, बिनतारी कंट्रोलर. कुणी जपून ठेवले नाहीत, कुणी धड नोंदही केली नाही. सांगली-मिरजेत राहणाऱ्या नवख्याने हेच आधी गोळा करावं, पॉवर ग्लव्ह मागून बघता येईल.

जगावेगळं म्हणजे काय, हे आधी ठरवा

आज जवळपास कुठलाही कंट्रोलर हातात घ्या, डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं एक बटण असतं. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या छोट्या यंत्रासाठी ते बसवलं, १९८३ मध्ये जपानात आलेल्या फॅमिकॉम या टीव्हीला लावायच्या गेम संचाने ते घराघरांत नेलं, आणि पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली. म्हणून बाहेरच्या जगावेगळ्या कंट्रोलरचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट ही वाट पडण्याआधीचा. १९७७ च्या अटारी २६०० ची काळी जॉयस्टिक आणि तिचं एकुलतं एक लाल बटण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण त्याच यंत्राची गोल फिरवायची पॅडल फार कमी लोकांनी हाताळली आहेत. पॅडलची जोडी एकाच पिनेला (म्हणजे प्लगला) जोडलेली असते आणि आत रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसाच पोटेन्शिओमीटर असतो. मॅटेलच्या इंटेलिव्हिजनला तर काठीच नव्हती. सोळा दिशा ओळखणारी एक चकती, तिच्या वरच्या बाजूला बारा बटणांचा कीपॅड, आणि प्रत्येक गेमसाठी त्या कीपॅडवर सरकवायची वेगळी प्लास्टिकची पट्टी. त्या पट्ट्या आधी हरवतात, कंट्रोलर नंतर बिघडतो. पट्ट्यांसकट मिळाला तरच जास्त पैसे मोजा.

दुसरा गट बंडखोरांचा. पॉवर ग्लव्ह त्यातलाच. ब्रॉडरबंडचा यू-फोर्स हा उघडलेल्या पुस्तकासारखा दिसतो, त्याला हात लावायचा नाही, वरून नुसते हात फिरवायचे. कोनामीची लेझरस्कोप डोक्याला लावायची आणि तोंडाने ‘फायर’ म्हणायचं की गोळी सुटते. खरं तर काहीही ओरडलं तरी सुटते. मागून आईने जेवायला हाक मारली तरी. सेगाने १९९३ मध्ये ॲक्टिव्हेटर नावाचं अष्टकोनी कडं काढलं. ते जमिनीवर मांडायचं, मध्ये उभं राहायचं आणि इन्फ्रारेड किरण हातापायांनी तोडायचे. यातलं एकही यंत्र खेळायला बरं नाही, हे माझं स्पष्ट मत. पण संग्रहात त्यांची शान वेगळी, कारण प्रत्येकामागे कुणीतरी मनापासून केलेला विचार दिसतो.

तिसरा गट एकाच गेमसाठी जन्मलेल्यांचा. कॅपकॉमच्या २००२ सालच्या स्टील बटालियनचा कंट्रोलर टेबलभर पसरतो: सुमारे चाळीस बटणं, दोन दांडे, पायाशी तीन पेडल. खेळातलं आपलं यंत्र स्फोटात उडायच्या आत ‘इजेक्ट’चं, म्हणजे बाहेर पडायचं बटण दाबलं नाही तर साठवलेला सगळा खेळ पुसून टाकणारा हा गेम. ताइतोच्या ‘देन्शा दे गो’ या आगगाडी चालवायच्या जपानी गेमसाठी डाव्या हाताला वेगाचा आणि उजव्या हाताला ब्रेकचा दांडा असलेला कंट्रोलर निघाला. मिरज जंक्शनवर ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या पाहत वाढलेल्या माणसाला तो नको वाटणं शक्यच नाही. नामकोचा १९९५ चा नेगकॉन या गटात थोडा आगंतुक, कारण तो बऱ्याच गेमना चालतो, पण त्याची कल्पना फार सुंदर आहे. दिसायला साधा प्लेस्टेशनचा पॅड, फक्त मधोमध तुटल्यासारखा. दोन हातांनी तो पिळायचा की गाडी वळते. कमी पिळला तर कमी, जास्त पिळला तर जास्त.

चौथा गट आपला. त्याला वेगळा भाग देतो.

आपल्याकडचा माल ओळखायला शिका

फॅमिकॉम किंवा तिचं अमेरिकी रूप असलेली एनईएस आपल्याकडे खऱ्या नावाने फार कमी आली. सामुराई या नावाने काही आल्या, पण आपल्या लहानपणी टीव्हीला लावलेले बहुतेक संच नकलाच होते. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर, आणि आखातात नोकरीला गेलेल्यांच्या बॅगेतून आलेले मायक्रो जीनियस. आतला खेळ तोच फॅमिकॉमचा, वरचं कवच मात्र जे मनाला येईल ते. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या संचाच्या वळणाचा पॅड, आत निंटेंडोची नक्कल, असा संकर इथे सर्रास दिसतो, आणि तोच जमवण्यासारखा.

पॅड हातात आला की बटणं मोजा. खऱ्या फॅमिकॉमच्या पहिल्या पॅडवर ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट असतात. दुसऱ्या पॅडवर सिलेक्ट-स्टार्ट नसतात, त्या जागी माइक असतो. नकलांमध्ये ए आणि बीच्या वर टर्बोची दोन बटणं जास्त असतात, दाबून धरली की गोळ्यांची सर लागते. दुसऱ्या पॅडवर माइकची जाळी दिसली तर उघडून बघा, आत खरंच माइक आहे की नुसती नक्षी. असे बारकावेच या गटाची गंमत.

मग पिन बघा. एनईएसच्या पॅडला स्वतःचा सात पिनांचा प्लग असतो, जपानी फॅमिकॉमचे पॅड तर यंत्रालाच कायमचे जोडलेले. नकलांना मात्र नऊ किंवा पंधरा पिनांची चपटी पिन असते. आता इथे एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून भिंतीला लावा: अटारी, मेगा ड्राइव्ह आणि आपले नकली संच यांची नऊ पिनांची पिन दिसायला हुबेहूब सारखी असते, पण आतली जोडणी वेगळी असते. अटारीत पाच व्होल्ट सातव्या पिनेवर, मेगा ड्राइव्हमध्ये पाचव्या. नकलांमध्ये तर एका कारखान्याची पद्धत दुसऱ्याला माहीत नाही. पिन बसते म्हणून घुसवून बघू नका. पॅड जळेल किंवा संच.

शोध कुठे घ्यायचा

भंगाराच्या गोदामात जायचं ते माल येतो त्या दिवशी. दोन दिवसांनी गेलात तर पॅड मिळतील, केबल मिळणार नाही, कारण तांब्यासाठी तार आधी कापली जाते. ओळख झाली की एकच विनंती करून ठेवायची, ‘गेमचं काही आलं तर वायर तेवढी कापू नका, वायरीचे पैसे वेगळे देतो.’ एवढ्याने काम होतं.

टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकानं दुसरी जागा. सांगलीत गणपती पेठेच्या आजूबाजूला, मिरजेत मार्केटकडे, तासगाव-विट्याच्या एसटी स्टँडजवळ अशी दुकानं अजून टिकून आहेत. मागच्या फळीवर ‘गिऱ्हाईक घ्यायला आलंच नाही’ अशा वस्तूंचा ढीग असतो. तिथे घाई करू नये. मेकॅनिक मोकळा असेल तेव्हा जावं, चहा सांगावा, आणि कंट्रोलर म्हणण्याऐवजी ‘टीव्ही गेमचा रिमोट’ किंवा ‘कॅसेटच्या गेमची बंदूक’ म्हणावं.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात भारी जागा: गलाईवाल्यांची घरं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली. केरळपासून बंगालपर्यंत क्वचितच एखादं शहर असेल जिथे आपल्याकडचा गलाईवाला नाही. ही माणसं गावच्या यात्रेला, दिवाळीला घरी यायची ती रिकाम्या हाताने नाही. मद्रास, कोचीन, कलकत्त्याच्या बाजारातला परदेशी माल पोरांसाठी यायचा. त्यामुळे पुण्यातही सहज न दिसणारा संच एखाद्या दुष्काळी गावातल्या दुमजली घरात निघतो.

विट्याजवळच्या एका गावात अशाच घरी मला एक बिनतारी जोडी मिळाली. काकूंनी लोखंडी ट्रंक उघडली, वरच्या गोधड्या काढल्या आणि म्हणाल्या, ‘ह्ये बघ, धाकट्याचा गेम. त्यो आता कोइमतूरला असतोय, त्याची पोरं मोबाइलवर खेळत्यात. तुला पायजे तर ने की.’ आत इन्फ्रारेडचे दोन पॅड होते, संचाला लावायचा काळ्या काचेचा रिसीव्हर होता, आणि खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने कुणाचे किती पॉइंट झाले याचा हिशेब. ‘मावशी’ म्हणालो असतो तरी चाललं असतं, पण फुकट नेलं असतं तर नसतं चाललं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, तेव्हा धाकट्याला फोन लावून त्यालाच विचारलं. त्याने एकच अट घातली, खोका टाकायचा नाही.

ही पद्धत पाळा. वस्तू ज्याची, त्याची परवानगी घ्या. किंमत ठाऊक असूनही ‘भंगार आहे हो’ म्हणत चिल्लर टेकवणारे लोक या छंदात आहेत, आणि त्यांच्यामुळे पुढच्या माणसाला दारातूनच परत फिरावं लागतं. वेळ म्हणाल तर नवरात्राच्या आधीची साफसफाई. माळा वर्षातून तेव्हाच एकदा खाली उतरतो.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. जाऊन या, मजा येते. भाव तिथे तुमचा चेहरा बघून ठरतो.

पैसे देण्याआधी काय तपासायचं

खिशात छोटा स्टार स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर ठेवा. वस्तू कानाजवळ हलवा. आत काही खुळखुळत असेल तर स्क्रूचा आतला खांब तुटलेला असतो, तो चिकटवता येतो. मागचे स्क्रू बघा, सगळे एकसारखे आहेत का. एखादा वेगळा असेल तर आधी कुणीतरी उघडला आहे. दिशेचं बटण चारही बाजूंना दाबा, मधोमध दाबल्यावर चारही दिशा एकदम खाली बसत असतील तर आतली गोळी झिजली आहे. निंटेंडो ६४ चा पॅड असेल तर त्याची काठी सोडून बघा. उभी न राहता पडून राहिली, बुडाशी पांढरी भुकटी दिसली, तर प्लास्टिकवर प्लास्टिक घासून वाटी संपलेली असते. दुरुस्तीचे भाग मिळतात, पण ते धरून भाव करा.

विकणारा उघडू देत असेल तर मागचं झाकण काढून आत बघाच. खऱ्या एनईएस पॅडमध्ये ४०२१ नंबरची एक सोळा पायांची चिप स्पष्ट दिसते. नकलेत त्या जागी काळ्या डांबरासारखा गोल थेंब असतो. दोघांचं काम एकच. आठ बटणांची स्थिती एका वेळी टिपायची आणि संचाने इशारा दिला की एकामागून एक पुढे सरकवायची: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, याच क्रमाने. म्हणून आठ बटणांच्या पॅडला केबलमध्ये पाचच तारा पुरतात. दोन विजेच्या, एक ‘टिप’ सांगणारी, एक ‘पुढचं सांग’ म्हणणारी आणि एक उत्तराची. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही अनोळखी नकली पॅड घाबरवत नाही. पिना कशाही असोत, आत पाच तारा शोधायच्या, मल्टिमीटरने कुठली कुठे जाते ते बघायचं आणि कागदावर चित्र काढून ठेवायचं. अटारीच्या काठीत तर चिपच नसते. प्रत्येक दिशेला एक तार, बटणाला एक, आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंडची तार.

बंदूक: हिच्यावर वेळ घालवा

सगळ्या नकली संचांत माझा जीव बंदुकीवर. कारण तिच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दलच नाही. लोकांना वाटतं की बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीवर आपटतं. तसं काही नसतं, बंदूक फक्त बघते. तिच्या नळीत भिंग आणि मागे प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की संच क्षणभर पडदा पूर्ण काळा करतो, आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. म्हणूनच ट्यूबलाइटकडे बंदूक धरून बदकं मारता येत नाहीत, कारण काळ्या चित्राच्या वेळीही उजेड दिसला की संच नेम चुकल्याचं धरतो. लहानपणी बल्बवर नेम धरून बघितलेल्या सगळ्यांना हे उत्तर इतक्या वर्षांनी मिळतंय.

हे सगळं सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घडतं, आणि चित्र ताबडतोब उमटवणारा पडदा हवा असतो. जुना डबा टीव्ही, म्हणजे चित्रनळीचा सीआरटी, ते करतो. एलसीडी आणि एलईडी पडदे चित्र थोडं उशिरा दाखवतात, शिवाय निंटेंडोची झॅपर बंदूक चित्रनळीचा विशिष्ट लुकलुकता प्रकाशच ओळखते. तेव्हा नव्या टीव्हीवर लावून ‘बंद आहे’ म्हणून बंदूक फेकून देऊ नका, आणि विकणारा ‘बंद आहे’ म्हणाला तर मनातल्या मनात हसून घ्या.

म्हणून एक डबा टीव्ही घरात हवाच. चौदा इंची ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन, काहीही चालेल, मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनेची जागा असली तर उत्तम. नसली तर अँटेनाच्या वायरीतून चॅनेल शोधून लावायचा. लोक आजकाल असे टीव्ही नेणाऱ्यालाच धन्यवाद देतात. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. बटण बंद असलं, वायर काढलेली असली तरी चित्रनळीत विजेचा जीवघेणा दाब साठून राहू शकतो. ते काम मेकॅनिकचं.

बंदूक विकत घेताना नळीच्या टोकाशी डोळा लावा. भिंग असायला हवं, त्यावर बुरशीची जाळी नको. घोडा ओढल्यावर खट्‌ असा आवाज यायला हवा. घोड्याची स्प्रिंग आणि स्विच बदलता येतं, फुटलेलं भिंग मिळवणं अवघड. निंटेंडोच्या झॅपर आधी करड्या होत्या, नंतर नारिंगी झाल्या, खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये म्हणून. आपल्याकडच्या नकला मात्र बिनधास्त काळ्या, अगदी पिस्तुलासारख्या. अशी वस्तू एसटीने आणताना पिशवीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. कंडक्टरला समजावत बसायला कुणाला वेळ आहे.

सफाई आणि छोटी दुरुस्ती

लागणारं सामान: आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड, जुना मऊ टूथब्रश, साबणाचं कोमट पाणी. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक थराचा एक.

कवच आणि बटणं साबणाच्या पाण्यात, सर्किट बोर्ड अल्कोहोलने. बटणांखालच्या रबराच्या पडद्यावर काळे कार्बनचे ठिपके असतात, तेच खरं संपर्क साधतात. ते घासघासून पुसू नका. कोरड्या कागदावर हलकेच दोन-तीनदा फिरवले की पुरे. ठिपक्यावर मल्टिमीटरची दोन टोकं जवळजवळ टेकवून बघा. काहीशे ओहम ते काही किलोओहम दाखवत असेल तर ठीक, फारच वर गेला तर ठिपका संपला. अटारीची पॅडल थरथरत असतील तर पोटेन्शिओमीटरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि दोन्ही टोकांपर्यंत बऱ्याच वेळा फिरवा.

केबल तुटते ती बहुधा कवचातून बाहेर पडते तिथे नाहीतर पिनेच्या मानेशी. मल्टिमीटर बीपवर ठेवून केबल वाकवत जा, बीपचा आवाज जिथे तुटतो तिथे कापा, थोडी मागे घेऊन पुन्हा सोल्डर करा. मिरजेतल्या सतारी बनवणाऱ्यांसारखा हात असायची गरज नाही, पण तारांचे रंग लिहून ठेवल्याशिवाय कात्री उचलू नका.

बिनतारी पॅडमध्ये सेल फुटून ओघळलेला असणारच. इथे लोक सरसकट लिंबू चोळतात, ते बरोबर नाही. अल्कलाइन सेलचा पांढरा कोरडा थर क्षारीय असतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचे थेंब चालतात. पण नव्वदच्या दशकात आपण वापरायचो ते साधे झिंक-कार्बन सेल, त्यांचा चिकट ओघळ आम्लधर्मी असतो. त्याला खायच्या सोड्याचं पाणी लागतं. दोन्हींनंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा. हातमोजे घाला.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायची एक पद्धत आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि उन्हात ठेवायचं. प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून घातलेल्या ब्रोमीनच्या रसायनांमुळे ते पिवळं पडतं, असं मानलं जातं. पद्धत चालते. सांगलीचं एप्रिलमधलं ऊन तर त्यासाठीच केल्यासारखं. तरी मी सांगेन, नवख्याने करू नये. तीव्र पेरॉक्साइड कातडी भाजतं, रंगाचे पट्टे उमटतात, आणि काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो. पिवळा पॅड पिवळाच राहू दे.

ठेवायचं कुठे

नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: तळमजल्यावर, पलंगाखाली, भिंतीतल्या खालच्या कप्प्यात नाही. २००५, २०१९, २०२१. कृष्णेचं पाणी कुठवर येतं ते आपल्या भिंतींनी पाहिलेलं आहे. वरचा मजला, आणि झाकणाचे प्लास्टिकचे डबे, जे दोघांना मिळून पाच मिनिटांत गाडीत टाकता येतील.

पुरात भिजलेली वस्तू मिळाली तर ‘चालते का बघू’ म्हणून लगेच वीज देऊ नका. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो चिपच्या पायांमध्ये आणि पिनेच्या आत बसतो, ओल धरून ठेवतो आणि तांबं हिरवं करतो. पूर्ण उघडा, स्वच्छ पाण्याने गाळ धुवून काढा, मग अल्कोहोलने, मग पंख्याखाली निदान दोन-तीन दिवस. आतून भिजलेली केबल बदललेलीच बरी.

हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकली असेल, रबर आणि प्लास्टिक बंद ओलाव्यात टिकत नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यानंतर बदला. केबल पॅडभोवती करकचून गुंडाळू नका. मऊ पीव्हीसीची केबल कडक प्लास्टिकला वर्षानुवर्षं चिकटून राहिली की तिच्यातलं तेलकट द्रव्य पॅडमध्ये उतरतं आणि कवचावर वितळल्यासारखी खाच पडते, जी कधीच जात नाही. केबलचं सैल वेटोळं करा, पॅड आणि केबलमध्ये साधा पांढरा कागद ठेवा. रबर बँड अजिबात नको, ते वितळून चिकटतात. फोमही नको. सेल काढून ठेवा.

नोंदवही

हे कंटाळवाणं वाटतं, पण नकली पॅडच्या बाबतीत नोंद नसेल तर संग्रह म्हणजे प्लास्टिकचा ढीग. खऱ्या कंट्रोलरची माहिती कुठेही मिळते, आपल्या नकलांची नाही. प्रत्येक वस्तूचे चार फोटो: पुढून, मागून, पिन समोरून, आतला बोर्ड. बोर्डावर छापलेला नंबर जसाच्या तसा उतरवा, कधी त्यात तारीखही असते. शिवाय: कुणाच्या घरून, कुठल्या गावातून, घरात कधी आणि कुठल्या शहरातून आला, सोबत काय होतं. विकणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायची गरज नाही, ‘विटा, गलाई कुटुंब, कोइमतूर’ एवढं पुष्कळ. पिनेची जोडणी तपासली असेल तर तिचं चित्र इथेच काढा, पुढच्या वेळी तोच पॅड दुसऱ्या रंगात सापडणार आहे.

आता बाहेरचं मागवा

घरचे दहा-बारा पॅड उघडून, धुवून, नोंदवून झाले की हातांना कळतं काय बघायचं. मग पॉवर ग्लव्हकडे वळा. तीन गोष्टी विचारा. टीव्हीला लावायची सेन्सरची पट्टी आहे का, तिची केबल आहे का, आणि बोटं वाकवल्यावर फरक पडतो का. मोज्यावरची दोन छोटी यंत्रं ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि पट्टीवरचे तीन कान तो पकडून हात कुठे आहे ते ठरवतात. करंगळी सोडून बाकी चार बोटांत वाकणं मोजणाऱ्या पट्ट्या असतात. त्या तडकल्या तर मोजा नुसता शोभेचा. खास या मोज्यासाठी म्हणून अमेरिकेत दोनच गेम निघाले, सुपर ग्लव्ह बॉल आणि बॅड स्ट्रीट ब्रॉलर, तेव्हा खेळण्याच्या आशेने घेऊ नका.

नेगकॉन मला पहिली परदेशी खरेदी म्हणून जास्त योग्य वाटतो. आकार लहान, पार्सल हलकं, आणि जुन्या प्लेस्टेशनला थेट लागतो. विकणाऱ्याकडून पिळतानाचा व्हिडिओ मागा, मधला सांधा दोन्हीकडे सारखा वळून आपोआप सरळ व्हायला हवा. स्टील बटालियन मात्र भारताबाहेरून मागवण्याचा विचार पोस्टेजचा आकडा बघेपर्यंतच टिकतो. कुणी परदेशातून परत येत असेल आणि त्याच्या सामानात जागा असेल तरच.

जपानातून यंत्रही मागवणार असाल तर ते शंभर व्होल्टचं असतं, आपल्या प्लगमध्ये थेट गेलं की धूर. मूळ ॲडॉप्टर बाजूला ठेवा आणि यंत्रावर लिहिलेले व्होल्ट, अँपिअर आणि प्लस-मायनसची खूण बघून इथला घ्या. फॅमिकॉमची पिन आत मायनस, बाहेर प्लस अशी असते, आपल्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ॲडॉप्टरच्या नेमकी उलट. दुकानदाराला खूण दाखवा, तिथेच मल्टिमीटरने तपासून घ्या, आणि त्या ॲडॉप्टरवर लाल चिकटपट्टी लावून ‘फक्त फॅमिकॉम’ असं लिहून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी राउटरला लावणार नाही.